हापूसची काडी वयात कशी येते?

पाऊस सुरू झाला की रत्नागिरीकडच्या रोपवाटिकांत कोय कलमं बांधायची घाई उडते. रायवळ आंब्याच्या कोयी आधीच रुजत घातलेल्या असतात. त्यांचे तांबूस, कोवळे कोंब वर आले की बांधणारा ते छाटतो, मधोमध चीर देतो आणि पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी तीत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळतो. हात भराभर चालतात, पण काडी निवडताना घाई नसते. ती फळत्या झाडाचीच हवी. पानं काही दिवस आधी कापलेली, डोळा फुगलेला.

कोयीपासून वाढलेलं झाड मोहोरायला कित्येक वर्षं लावतं. कलमाला मात्र इतक्या लवकर मोहोर येतो, की सुरुवातीची वर्षं तो खुडून टाकावा लागतो. हे वयाचं गणित ठेवतं कोण?

पेशीत जनुकातला मजकूर आरएनएच्या प्रतीत उतरतो आणि त्या प्रतीवरून प्रथिन बनतं. काही आरएनए मात्र स्वतः प्रथिन बनवत नाहीत, दुसऱ्यांच्या प्रती अडवतात. त्यांतले मायक्रोआरएनए जेमतेम एकवीस-बावीस अक्षरांचे. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी एका सूत्रकृमीत त्यांचं काम उलगडलं. त्याबद्दल २०२४ चं नोबेल त्यांना मिळालं.

कोवळ्या रोपात मायक्रोआरएनए-१५६ भरपूर असतो. जुळणारी प्रत दिसली की तो तिला चिकटतो, ती प्रत तोडली जाते, आणि झाडाला वयात आणणारी प्रथिनं पुरेशी बनतच नाहीत. वर्षांगणिक तो कमी होत जातो, तशी मोहोराची वाट मोकळी होते. आंब्यातही हे मोजलं गेलं आहे. फळत्या झाडाच्या काडीने ही वाट आधीच चाललेली असते. कोवळ्या खुंटावर बसवली म्हणून ती पुन्हा बाळ होत नाही.

पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेत अंजन बॅनर्जी यांच्या गटाने बटाट्याची कलमं बांधून हाच रेणू तपासला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात तो अन्नवाहिन्यांत सापडला, आणि कलमांमध्ये बटाट्यांची संख्याही बदललेली दिसली. म्हणजे हा रेणू जोड ओलांडून सूचना नेत असावा. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण जोड जमला की काम संपलं, असंच आपण धरून चालतो.

रत्नागिरीच्या महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी हापूसचा जोड अभ्यासाला घ्यावा. कलमं बांधणारी माणसं त्यांच्याच गावात आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करावी.