पाळी लांबवायची गोळी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गौरी-गणपती जवळ आले की औषधाच्या दुकानात हळू आवाजात विचारणा होते, "ती पुढे ढकलायची गोळी आहे का?" दुकानदार पट्टी कागदात गुंडाळून देतो. डॉक्टरांची चिठ्ठी लागते खरी, पण कोण मागतो? ‘माला-एन’ या गर्भनिरोधक गोळीचं नाव काढलं की मात्र हीच बाई म्हणते, "हार्मोनच्या गोळ्या नकोत बाई, पुढे मूल राहायचं नाही."

गंमत म्हणजे दोन्हीकडे हार्मोनच आहेत. पाळी लांबवायला सहसा नॉरएथिस्टेरोन देतात, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तारखेच्या तीन दिवस आधी ती सुरू करायची असते. आदल्या रात्री घेऊन देवाला हात जोडण्यात अर्थ नाही.

"पाळी थांबली म्हणजे दिवसही राहणार नाहीत" हा समज जास्त महागात पडतो. ही गोळी सुरू होते तोवर बीज बाहेर पडून गेलेलं असतं. दिवस आधीच राहिले असले, तर पाळी न येण्याचं श्रेय गोळीला जातं. गोळी थांबवून आठवडा झाला तरी पाळी आली नाही, तर तपासणी करावी.

"चार दिवसांच्या गोळीने काय होतंय?" बहुतेकींना मळमळ, डोकेदुखी, स्तन जड वाटणं याहून जास्त काही होत नाही. पण या मात्रेत नॉरएथिस्टेरोनचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिओल बनतो. ‘माला-एन’मध्ये असतं तेच हे इस्ट्रोजेन, आणि रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो तो त्याच्यामुळे. आकडे भयंकर नाहीत: गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना गुठळी होते, ‘माला-एन’सारख्या गोळीवर ५ ते ७ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर धोका याहून जास्त असतो. मात्र पूर्वी गुठळी झालेली, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणारी, यकृताचा किंवा स्तनाच्या कर्करोगाचा त्रास असलेली बाई वेगळी. तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पट्टी फोडू नये. गोळी चालू असताना चारधामच्या बसमध्ये तासन्‌तास बसायचं असेल, तर मधूनमधून उतरून चालावं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, यांतलं काहीही झालं तर थेट रुग्णालय गाठावं.

वंध्यत्वाची भीती निराधार आहे. रोजच्या गोळ्या सोडल्यावरही बीज पुन्हा तयार होऊ लागतं. कर्करोगाचं इतकं सरळ नाही. ‘माला-एन’सारख्या संयुक्त गोळ्यांनी अंडाशयाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कमी होतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका मात्र गोळी चालू असताना किंचित वाढतो आणि सोडल्यावर हळूहळू ओसरतो.

आधीपासून ‘माला-एन’ घेणारीला तर वेगळी गोळी लागतच नाही. पाकिटातल्या २८ पैकी शेवटच्या ७ गोळ्या निव्वळ लोहाच्या. त्या बाजूला ठेवून नवं पाकीट लगेच सुरू केलं की पाळी आपोआप पुढे जाते.