आत्याचा आवाज कुठे गेला?

आमच्या टोकावड्यात कुणाच्या घरी हळद लागली की गाणी म्हणायला माझ्या आत्याला बोलावणे यायचेच. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यातली वाढलेली थायरॉईड ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली. गाठ गेली, पण आवाजही गेला. बोलताना नुसती हवा निघे, पाणी पिताना ठसका लागे. 'दृष्ट लागली' असे शेजारणी म्हणत. आत्याने लग्नाला जाणेच सोडले. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके चाळून जे उमगले ते सांगतो.

गळ्यावर हाताला लागणाऱ्या उंचवट्यामागे स्वरयंत्र असते. त्यातले दोन स्वरतंतू श्वास घेताना दूर होतात आणि बोलताना जवळ येऊन कंप पावतात. त्यांना जवळ आणणारे स्नायू अनेक आहेत. दूर करणारा मात्र प्रत्येक बाजूस एकच. या स्नायूंना हुकूम पोचवणारा मज्जातंतू मोठा विचित्र! मुरबाडहून टोकावड्याला निघालेल्याने आधी माळशेज घाट गाठावा आणि मग मागे फिरावे, तशी त्याची वाट. डावा तंतू छातीत उतरून महाधमनीला वळसा घालतो आणि पुन्हा वर येतो. म्हणूनच छातीतल्या आजारानेही कधी आवाज बसतो. उजव्याचा वळसा वरच, गळ्याच्या पायथ्याशी असतो. वर येताना दोन्ही तंतू थायरॉईडला अगदी खेटून जातात. शस्त्रक्रियेत त्यांना धोका असतो तो यामुळे.

हे ज्ञान जुने आहे. मानेतल्या मर्मांना इजा झाल्यास मुकेपण येते किंवा स्वर बिघडतो, असे सुश्रुतसंहिता सांगते. दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याने डुकराचा हाच तंतू कापला, तेव्हा त्याचे ओरडणे थांबले.

तंतू नुसता ताणला गेला असेल, तर काही आठवड्यांत वा महिन्यांत स्नायू पुन्हा हलू लागतात. तुटला तर हुकूमच थांबतो आणि स्नायू रोडावत जातो. तुटलेले धागे पुन्हा वाढले तरी कित्येकदा चुकीच्या स्नायूत शिरतात. मग उघडणारा आणि मिटणारा एकाच वेळी ओढू लागतात. रस्सीखेच होते, पण स्वरतंतू जागचा हलत नाही. एक बाजू निकामी झाली तर आवाज जातो. दोन्ही झाल्या तर आवाज बरा राहूनही श्वास कोंडू शकतो. हे अधिक भयंकर. तार स्वरासाठी तंतू ताणणाऱ्या स्नायूचा मज्जातंतू निराळा. त्याला इजा झाली तर बोलणे ठीक राहते, पण वरची पट्टी हरवते.

आत्याचा डावा स्वरतंतू निश्चल असल्याचे दुर्बिणीतून दिसले. आवाजाचे व्यायाम करता करता तिचा उजवा स्वरतंतू मध्यरेषा ओलांडून डाव्याला भेटू लागला. ज्यांचे एवढ्याने भागत नाही, त्यांच्यासाठी निश्चल तंतू आत सरकवण्याची शस्त्रक्रियाही आहे.

तेव्हा मित्रहो, घसा तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर दृष्ट काढत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. श्वास कोंडत असेल तर एक दिवसही थांबू नये.

आत्या आता पुन्हा हळदीला जाते. वरचा सूर तिला लागत नाही. ती हलक्या आवाजात ओळ सांगते आणि माझी बहीण ती गाते.