चाकर नव्हे, लेकरू

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्न, प्रकृती तोळामासा, आणि हातात पैसा टिकवण्याची सवय तर जन्मात नव्हती. ख्रिस्तावरची श्रद्धा डळमळली असेल म्हणावे, तर ख्रिस्ताचे वेड आधीपेक्षा वाढलेलेच होते. आपल्याला ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ठाऊक असतात. पण या राजीनाम्यामागे जो प्रश्न होता, त्याच्याशी ख्रिस्ती धर्म पहिल्यापासून झगडत आला आहे. देवाच्या आज्ञा बिनचूक पाळल्या, की झाली का श्रद्धा?

लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला बहुतेकांनी ऐकलेला असतो. वाट्याची मालमत्ता उडवून कफल्लक झालेला धाकटा घरी परततो आणि बाप त्याला पोटाशी धरतो. गोष्ट सांगणारे बरेचदा इथेच थांबतात. माझ्या मते खरी गोष्ट पुढे आहे. थोरला मुलगा शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो, काय चालले आहे ते घरच्या चाकराला विचारतो आणि उंबरठ्याबाहेरच अडून बसतो. त्याची तक्रार अगदी हिशेबी आहे: इतकी वर्षे राबलो, कधी शब्द मोडला नाही, पण मित्रांबरोबर खायला मला साधे करडूही मिळाले नाही. वर्तनात त्याच्या खोट काढायला जागा नाही. पण स्वतःच्याच घरात तो गड्यासारखा राहिला, मजुरी मोजत. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. थोरला आत गेला की नाही, ते मात्र येशूने सांगितलेले नाही.

हा थोरला मुलगा प्रत्येक पिढीत भेटतो. इंग्लंडचा जॉन वेस्ली ऑक्सफर्डला असताना नेमाने उपास करी, तुरुंगात कैद्यांना भेटे, दिवसाचा तास न् तास बांधून घेई. तो अँग्लिकन पंथाचा दीक्षित धर्मगुरूही होता. तरी मन निवांत नव्हते. १७३८च्या मे महिन्यात लंडनच्या एका सभेत त्याला देवाच्या क्षमेची आतून खात्री पटली. चाकराची श्रद्धा वेगळी आणि पुत्राची वेगळी, असा भेद तो पुढे करू लागला.

टिळक आले ते दुसऱ्याच वाटेने. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण कान वारकरी वळणाचेच राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. म्हणून त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हुकूम सोडणारा धनी नाही. तो माउली आहे, सखा आहे, गुरू आहे. माउलीपुढे हजेरीपट कोण ठेवतो?

मिशनची चौकट मात्र पगाराची आणि अहवालांची होती. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, दुष्काळात पोरक्या मुलांना सांभाळले. ते काम मोठे होते आणि टिळकांना त्याची जाण होती. पण पगारी प्रचारकाच्या तोंडचा देव लोकांना परका वाटतो, हेही त्यांना दिसत होते. त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती.

या प्रश्नाची घरातली बाजू मला अधिक मोलाची वाटते. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याने पछाडलेल्या वडिलांच्या घरात वाढल्या. नेमांच्या धाकातला धर्म कसा असतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ‘पतीची आज्ञा’ म्हणून त्या मागोमाग गेल्या असत्या, तर कुणाला नवल वाटले नसते. त्या गेल्या नाहीत. काही वर्षे नातलगांकडे काढली. पुढे अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरात) नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी सोवळे आणि चूल वेगळीच ठेवली. मग, माणसामाणसांत शिवाशीव देवाने घातली असेल का, या विचाराने त्यांना गाठले. जातीचे बंधन त्यांनी आपणहून सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा शब्द न पाळता पाच वर्षे थांबलेल्या या बाईची श्रद्धा पुढे प्लेगाच्या साथीत मिशनच्या मुलींची शुश्रूषा करताना कसाला लागली आणि उतरली. आज्ञाधारकपणा फुकट आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. इथे सेवा आधी नेमून दिलेली नव्हती, ती प्रेमाच्या पोटी आली, इतकेच.

दरबाराचा विस्तार टिळकांना बघायला मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. येशूचे चरित्र ओवीबद्ध करायला त्यांनी घेतलेले ‘ख्रिस्तायन’ पहिल्या काही अध्यायांवरच थांबले होते. शाळेचे तोंडही धड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. त्या १९३६ साली गेल्या. ग्रंथ १९३८ साली छापून निघाला.