पात मागं राहिली की सगळ्याच थांबतात

पावसाळ्यात आपल्या धरणाकाठी एकच चौकशी असते, दौंडहून किती क्युसेक येतंय? उजनी भरते ती मुख्यतः पुण्याकडच्या घाटातल्या पावसावर. असल्या पावसाचा अंदाज काढायला महासंगणक लागतो. पुण्यात पाषाणच्या हवामान संस्थेत २०१८ला 'प्रत्युष' आला, २०२४ला 'अर्क'.

आमच्या गटातल्या एकीच्या लेकीला कॉलेजात हाच विषय घ्यायचाय. आई धास्तावली, एवढं महागाचं मशीन कुठून आणायचं? मग आम्ही पोरीलाच समजावून सांगायला बसवलं.

महासंगणक म्हणजे एकच अवाढव्य मेंदू नव्हे. हजारो प्रोसेसर मिळून काम करतात. सी-डॅकनं पुण्यात १९९१ला 'परम ८०००' केला, तोही असाच, बरेच प्रोसेसर जोडून. आपली कांद्याची खुरपणीच म्हणा ना! दहा जणी दहा पाती धरतात. पण एकीच्या पातीत हराळी माजलेली असली, की बाकीच्या बांधावर बसून राहतात. हवामानाच्या हिशेबातही नकाशाचे चौकोन पाडून वाटून देतात. शेजारच्या चौकोनाचे आकडे आल्याशिवाय कुणालाच पुढं जाता येत नाही. म्हणून माणसं वाढवली की काम लवकर उरकतं असं नाही. कधी कधी निरोप देण्याघेण्यातच वेळ जातो.

ही वाटणी पुस्तक वाचून येत नाही. चांगले सर किंवा मॅडम मुलांना आधी आठ प्रोसेसरवर काम चालवायला लावतात, मग सोळावर. वेळ निम्मा झाला नाही, की शेजारी बसून विचारतात, "कोण कुणासाठी थांबलंय, शोध." उत्तर सांगून टाकत नाहीत. आम्हाला हे फार पटलं. नव्या सुनेच्या हातातलं खुरपं काढून घेतलं तर ती शिकणार कधी?

आणि मशीन विकत घ्यायचं नसतंच. साध्या संगणकावरून, इंटरनेटनं काम पाठवायचं. गिरणीत डबा ठेवतो तसा नंबर लागतो, पाळी आली की दळण होतं.

कॉलेजात दोन गोष्टी मात्र विचारून घ्यायच्या. मोठ्या मशीनवर मुलांना खातं मिळतं का? आणि अडलं तर शेजारी बसणारं कुणी आहे का? प्रवेशाला आई सोबत जाणार आहे. दोन्ही प्रश्न तीच विचारणार, तिनं पाठ केलेत.