विम्याचा हप्ता आणि घरातला वाद

दिवाळीला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत भावंडे गावी जमली, जेवणे उरकली आणि अंगणात बाजा पडल्या, की हल्ली पुष्कळ घरांत एक विषय हटकून निघतो. धाकटा पुण्याला कारखान्यात नोकरीस असतो. तो म्हणतो, "दादा, आबांचा आणि आईचा आरोग्यविमा उतरवून टाकू." थोरला शेती बघतो. तो म्हणतो, "अरे, वर्षाला एवढे पैसे भरायचे, आणि आजारी नाही पडले तर पै परत नाही. तेवढ्यात खताची सोय होते." माहेरी आलेली बहीण म्हणते, "सरकारचं कार्ड आहे की! मग विमा कशाला?" बोलता बोलता आवाज चढतात, कुणी कुणासाठी काय केले त्याच्या उजळण्या होतात, आणि विषय तसाच पुढच्या सणापर्यंत पडून राहतो.

वाचकहो, या तिघांपैकी चुकीचे असे कुणीच बोलत नाही. पण पुरतेही कुणी बोलत नाही. तिघांचे म्हणणे एकत्र कसे बसवावे, एवढाच विचार आज करू.

आधी विमा म्हणजे काय ते पाहू. धरून चाला की एका गावात १,००० घरे आहेत आणि दर वर्षी त्यांतल्या २० घरांवर रुग्णालयाचा प्रत्येकी १ लाख रुपयांचा खर्च येतो. म्हणजे एकूण २० लाख. ती २० घरे कोणती, हे आधी कुणालाच ठाऊक नसते. तेव्हा प्रत्येक घराने २,००० रुपये एका पेटीत टाकले, तर ज्याच्यावर पाळी येईल त्याचा खर्च पेटीतून भागतो. उरलेल्या ९८० घरांचे पैसे परत येत नाहीत हे खरे. पण वर्षभर त्यांच्याही डोक्यावरची काळजी त्या पेटीनेच वाहिली. रानात राखणदार ठेवला आणि चोर फिरकला नाही, तर त्याची मजुरी बुडाली असे आपण म्हणतो का? नाही ना? मग हप्त्याचेही तसेच आहे.

परंतु थोरल्याचे दुसरे म्हणणे, हप्ता परवडत नाही हे, नुसते टाळून चालणार नाही. समजा त्याच १,००० घरांत सगळी म्हातारी माणसेच आहेत. मग पाळी २० ऐवजी ६० जणांवर येईल, आणि हप्ता २,००० चा ६,००० होईल. शिवाय कंपनीचा कारभार, एजंटाचे कमिशन, नफा आणि रुग्णालयांचे वाढते दर हे सारे त्यातच मिळवावे लागते. उतारवयात हप्ता चढतो तो यामुळे. एक दिलासा असा, की व्यक्तीच्या आणि कुटुंबाच्या आरोग्यविम्यावर लागणारा १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकण्यात आला आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असा आजार विमा घेण्याआधीपासून असेल, तर त्याच्या खर्चासाठी काही काळ थांबावे लागते. पूर्वी ही मुदत ४ वर्षांपर्यंत असे. २०२४ पासून ती जास्तीत जास्त ३ वर्षे ठरली आहे. म्हणून दुखणे आल्यावर विम्याकडे धावणे निरुपयोगी, आणि अर्जात आजार लपवणे तर घातक. पुढे दावा नाकारला जातो आणि भरलेले हप्तेही पाण्यात जातात.

आता बहिणीच्या कार्डाकडे वळू. सरकारी योजना हीसुद्धा एक पेटीच आहे. फरक इतकाच, की तिचा हप्ता आपण करांतून भरतो. डिझेल घेताना, साबण घेताना आपण कर देतोच. म्हणून या योजनेचा लाभ घेताना संकोच वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळत. २०१३ मध्ये ती सर्व राज्यात गेली, आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली. १ जुलै २०२४ पासून राज्यातली मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख झाली, आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही तीत आली. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मानचे कार्ड मिळू लागले. आणि या योजनांत आधीच्या आजारासाठी थांबावे लागत नाही.

मग बहीण जिंकली म्हणायची का? तसेही नाही. ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या, ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी आहे, आणि तीही योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांतच. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या, दाखल न होता डॉक्टरांना दाखवण्याची फी, वरचेवरच्या तपासण्या हे तीत बसत नाही. ५ लाखांची रक्कमही साऱ्या कुटुंबाची मिळून असते. गोळ्या आणि तपासण्या यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट धरावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

तेव्हा घरात बसून क्रमाने तीन कामे करावीत. पहिले, शिधापत्रिकेत आणि आधारमध्ये सर्वांची नावे नीट जुळतात का ते पाहून, माणसे धडधाकट असतानाच कार्ड काढून घ्यावे. दुसरे, आपल्या तालुक्यात आणि जिल्ह्याच्या गावी योजनेतली रुग्णालये कोणती, हे कागदावर लिहून भिंतीला लावावे. दाखल होताना पहिल्याच दिवशी कार्ड दाखवावे आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटावे. १५५३८८ या क्रमांकावरही विचारता येते. तिसरे, एवढे झाल्यावर जे उरते, म्हणजे यादीबाहेरचा उपचार किंवा आपल्या पसंतीचे रुग्णालय, त्यासाठी विमा घ्यावा की नाही ते ठरवावे. कर्ज काढून हप्ता भरू नये. ऐपत असेल तर मात्र आज-उद्या करू नये, कारण वय कुणासाठी थांबत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आठवी-नववीच्या मुलांना वरचे १,००० घरांचे गणित फळ्यावर घालून द्या, आणि घरच्या कार्डावर आजी-आजोबांचे नाव आहे का, ते पाहून यायला सांगा. पुष्कळ घरांत ते नाव राहून गेल्याचे मुलांनाच पहिल्यांदा कळेल.

राहता राहिली वादाची गोष्ट. तो वाद वरून विम्याचा दिसतो, पण पुष्कळदा आत असतो तो वाटणीचा: आई-वडिलांचे कुणी किती करायचे? हे दोन प्रश्न वेगळे काढा. हप्ता किंवा औषधाचा खर्च प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या मानाने उचलावा. जो गावी राहून सेवा करतो, त्याची सेवाही हिशेबात धरावी. आणि मुख्य म्हणजे ही बोलणी आई-वडिलांना जवळ बसवून, शांतपणे व्हावीत. माजघरातून मुलांचे चढलेले आवाज ऐकणारी आई पुढे छातीत दुखले तरी सांगत नाही. आपल्यावरून पुन्हा भांडण नको, म्हणून ती दुखणे अंगावर काढते. असे अंगावर काढलेले दुखणे कुठल्याही कार्डाने आणि कुठल्याही विम्याने वेळेवर भरून निघत नाही. म्हणून या सुट्टीत भावंडे जमतील तेव्हा आधी आईला विचारा, "तुला काय होतंय?" आणि मग शिधापत्रिका बाहेर काढा.