मार्गदर्शनातील मानसिक सुरक्षितता आणि मराठी ‘आपण’

मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान आहे. अशा उद्योगक्षेत्रांत वरिष्ठ अधिकाऱ्याला स्वतंत्र मार्गदर्शक देण्याची पद्धत ‘एक्झिक्युटिव्ह कोचिंग’ या नावाने ओळखली जाते. या संबंधात पक्ष दोन नसून तीन असतात: अधिकारी बोलतो, मार्गदर्शक ऐकतो आणि मोबदला बहुधा कंपनी देते. आज दिलेली कबुली उद्या बढतीच्या आड येईल काय, ही अधिकाऱ्याची शंका त्यातूनच उद्भवते.

अशा शंकेपासून मुक्तता म्हणजे मानसिक सुरक्षितता. कार्ल रॉजर्स यांनी १९५४ मध्ये सर्जनशीलतेच्या विवेचनात ही संज्ञा वापरली; एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये एका उत्पादक कंपनीतील ५१ गटांच्या अभ्यासात तिचा विचार केला. अज्ञान वा चूक उघड केल्याने अप्रतिष्ठा होणार नाही, हा विश्वास तिचे सार होय.

मार्गदर्शनात या विश्वासाचा पाया पहिल्याच भेटीत घालावा लागतो. कंपनीला काय कळविले जाईल आणि काय कळविले जाणार नाही, हे तिन्ही पक्षांनी आधी ठरविणे अवश्य आहे. आंतरराष्ट्रीय कोचिंग महासंघाची नीतिसंहिताही गोपनीयतेविषयी असा स्पष्ट करार अपेक्षिते.

करारानंतर प्रश्न येतो तो भाषेचा. ब्राऊन आणि गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील द्वितीयपुरुषी सर्वनामांचे सत्ता व सख्य या दोन तत्त्वांनी विवेचन केले. मराठीत ‘तू’ व ‘तुम्ही’ यांखेरीज ‘आपण’ आहे. ते आदरार्थी द्वितीयपुरुषी आहे, तसेच श्रोत्याला सामावून घेणारे प्रथमपुरुषीही आहे. ‘आपण चुकलात’ आणि ‘आपण चुकलो’ यांतील भेद क्रियापद दाखविते. परंतु ‘आपण ही चूक का केली?’ या रचनेत क्रियापद कर्माप्रमाणे चालते. दोष श्रोत्याचा की दोघांचा, हे संदिग्ध राहते. साशंक अधिकारी तेथे आरोपच ऐकण्याचा संभव अधिक. उलट ‘आम्ही कळवू’ असे म्हणताच श्रोता वगळला जातो आणि मार्गदर्शक कंपनीच्या बाजूचा वाटू लागतो. ‘त्या वेळी तुम्हांला काय दिसत होते?’ या प्रश्नात आदर राहतो आणि निवाडा गृहीत धरला जात नाही.

तथापि केवळ सर्वनामाने विश्वास निर्माण होत नाही. खासगीत सांगितलेली एक गोष्ट जरी वरिष्ठांच्या कानी गेली, तरी पुढील भेटीत अधिकारी जपूनच बोलेल. मग संबोधन कितीही सौम्य असो, मार्गदर्शनाचा हेतू विफल होतो.