माड आपला, रस कोणाचा?

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाचकाला माड काय तो सांगायला नको. माडाची पोय छेदून मडके बांधले, की रस ठिबकू लागतो. ताजा आहे तोवर ती नीरा. उन्हाने आंबली की माडी. आणि माडी भट्टीवर चढवली की दारू. हा धंदा मुख्यतः भंडारी समाजाचा, बापाकडून मुलाकडे आलेला.

यात सरकारचा हात कसा शिरला, ते पाहा. माडांवर कर पूर्वीही होता. परंतु १८७८ साली मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला आणि गोष्ट निराळी झाली. परवान्यावाचून रस काढायचा नाही, भट्टी लावायची नाही, माल विकायचा नाही. शिवाय छेदलेल्या दर झाडामागे कर. म्हणजे झाड बागाईतदाराचे, चढणारे पाय भंडाऱ्याचे, पण हुकूम कचेरीचा!

हे कशासाठी? गावोगावच्या लहान भट्ट्यांवर नजर ठेवणे कठीण. तेच उरणसारख्या एका जागी मोठ्या भट्ट्या असल्या, म्हणजे दाराशी बसलेला कारकूनसुद्धा पिंपे मोजून कर घेऊ शकतो. पुढे १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच कायद्याने निर्बंध आले. ही फुले गरिबांच्या पोटात अन्न म्हणूनही जात, हे ध्यानात घ्या.

‘कर जास्त, पिणे कमी’ असे सरकार म्हणे. मग पिणे खरोखरच थांबले असते तर तिजोरी कशाने भरायची? ही अडचण आपल्या लोकांनी ओळखली होती. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुले यांनी वाढत्या गुत्त्यांना हरकत घेतली. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले. तिकडे फ्रेंचांच्या ताब्यातील व्हिएतनाममध्येही तांदळाची घरगुती दारू बंद करून मक्त्याची दारू लोकांच्या गळी उतरवण्यात आली. मुलूख दूर, पण रीत तीच.

स्वराज्यानंतर १९४९ साली आपल्याकडे दारूबंदीचा कायदा आला. तो आजही आहे, आणि माडी काढायला परवाना आजही लागतो. दारू वाईट, यात वाद नाही. तरी शिक्षकांनी वर्गात एवढे जरूर विचारावे: बंधन घातले तेव्हा पिणारा सुटला, की फक्त भट्टीचा धनी बदलला? आणि माडावर चढणाऱ्याच्या पोटाची सोय कोणी पाहिली?